फिल्ममध्ये वाचणारं कुणीच नाही

४ नोव्हेंबर

ही वही भाऊजींच्या छापखान्यातली. पुठ्ठा उलटा चिकटला म्हणून गिऱ्हाइकानं परत केली. "घे, तुम्ही दोघं परत आलेला माल," म्हणत त्यांनी ती माझ्या मांडीवर टाकली. ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की अर्धा चहा तसाच ठेवून ते छापखान्यात पळाले. पण वही चांगली आहे. परत आलेला माल वाईटच असतो असं कुणी सांगितलं?

कॉलेज सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायला नको. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "कॅमेरा हे खेळणं आहे, डिग्री हे पोट आहे." मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकलं. ते चहाच्या कपात पडलं, तेवढं मात्र ठरवून नव्हतं. तेव्हापासून ताईकडे आहे. बाबा फोनवर ताईला विचारतात, "त्याचं काय चाललंय?" मी तिच्या शेजारीच बसलेलो असतो.

तर त्याचं आता हे चाललंय: भाऊजी एका संशोधन ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल छापतात. तिथल्या ग्रंथपालबाईंना ग्रंथालयाच्या कामावर तीन मिनिटांची फिल्म हवी आहे. महिनाअखेर विश्वस्तांची बैठक आहे, तिथे दाखवायला. भाऊजी बोलून गेले, "आमचा मेव्हणा करतो की." उद्यापासून जायचं.

६ नोव्हेंबर

मी प्रेमात पडलो आहे. पण आधी कामाचं.

ग्रंथपालबाई बुटक्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी मला आधी कॉम्प्युटरवर दुसऱ्या ग्रंथालयांच्या फिल्मा दाखवल्या. सगळ्या एका साच्यातून काढलेल्या. वरून उडत येणारा कॅमेरा, पियानो, पुस्तकांच्या पाठींवरून फिरणारी बोटं, पांढरे हातमोजे, आणि एक भारदस्त आवाज: ज्ञानाचा खजिना. "कशा वाटल्या?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "झकास." त्या म्हणाल्या, "मला झोप येते. पण विश्वस्तांना आवडतात."

मग खरी गोष्ट सांगितली. विश्वस्तांचं म्हणणं असं की सगळं स्कॅन करून टाका, मूळ कागद गावाबाहेरच्या गोदामात ठेवा आणि दुरुस्ती कक्ष बंद करा. जे स्कॅन झालं ते सांधत बसायचं कशाला? या बैठकीत त्याचा निकाल लागणार. "तीन मिनिटांत त्यांचं मन वळव," बाई म्हणाल्या, जसं काही मी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणार होतो.

दुरुस्ती कक्ष म्हणजे वाचनकक्षाच्या टोकाला एक खोली, मध्ये काचेची भिंत. मोठं काचेचं टेबल, ब्रश, कापडात गुंडाळलेली लोखंडी वजनं, गव्हाच्या सत्त्वाची खळ, आणि ती. एका फाटक्या पानाच्या कडेला ती पातळ कागदाचा तुकडा बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "दार लाव रे, वाऱ्यानं उडेल." "रे" म्हणाली. पहिल्याच वाक्यात.

९ नोव्हेंबर

शूटिंग सुरू. वाचनकक्षात सकाळचं ऊन तिरपं येतं, खांबाजवळच्या टेबलावर पडतं. शॉट असा, की बघणाऱ्याचा श्वास थांबावा. पण त्याच टेबलावर एक शिवणकामवाल्या काकू बसलेल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच, दुकानातून उठून आलेल्या. मी त्यांना पलीकडे बसायला सांगितलं.

"मी नकाशा यायची वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "इथे उजेड बरा आहे."

"उजेडासाठीच उठवतोय, काकू."

त्या उठल्या. ऊन, रिकामी खुर्ची, चकाकतं लाकूड. अप्रतिम शॉट मिळाला.

मग दुरुस्ती कक्ष. माझ्या डावीकडे लंबू थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभा होता. तिच्या चेहऱ्यावर उजेड परतवायचा असतो, त्यासाठी उंच माणूस लागतो, आणि लंबूचं डोकं दाराच्या चौकटीला टेकतं. तो इथे स्कॅनिंगच्या मशीनवर असतो. मी म्हटलं, "आता वर बघा." (मी तिला 'तुम्ही' म्हणतो. 'तू' अजून फक्त या वहीत.) ती वर बघून हसली. कॅमेऱ्याच्या आरपार, सरळ माझ्यात.

हसणं असं असतं हे मला माहीत नव्हतं.

११ नोव्हेंबर

भाऊजींना सांगितलं. त्यांनी पोळी चावत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा म्हणाली का तुला?"

"नाही."

"भाऊ?"

"नाही!"

"मग आशा आहे. वाढ गं याला अजून एक, हा आता जेवणार नाही उद्यापासून."

आज लंबूशी वाजलं. मी ऐकलं होतं की स्कॅनिंग त्याचंच, म्हणजे तिचा कक्ष बंद झाला तर त्याचं मशीन वाढणार. आणि हा माणूस रोज तिच्या खोलीत जाऊन तिच्याच डब्यातलं जेवतो! मी त्याला जिन्यात गाठला. "तुझ्या मशीनपायी तिची नोकरी जाणार. लाज वाटते का?"

तो एक पायरी खाली उतरला. मग म्हणाला, "वाटते."

म्हणजे कबूलच केलं. तिला याच्यापासून सांभाळलं पाहिजे.

१४ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

हातमोजे मी आणले. पांढरे, सुती. दुसऱ्या सगळ्या फिल्मांत असतात, आपल्यात नकोत? ती हसली. "अरे डायरेक्टर, आम्ही कागदाला हातमोजे घालत नाही. हात धुवून, कोरडे करून, उघड्या हातानं करतो. हातमोज्यात कागद कळत नाही."

"एकच शॉट. विश्वस्तांना खरं वाटेल."

"खरं नाही म्हणून खरं वाटेल?"

मी हट्ट धरला. हट्ट काय, तोंड पाडून उभा राहिलो, जसा घरी राहतो. लंबू म्हणाला, "असू दे गं, घाल एकदा." मग तिनं हातमोजे घातले. टेबलावर काकूंनी मागितलेला नकाशा होता, हातानं काढलेला, जुना, घडीवर आधीच कमकुवत झालेला. मी म्हटलं, उचला. बोटाच्या टोकाशी हातमोज्याचं कापड थोडं सैल असतं. तिला कड जाणवली नाही. घडीपासून आत, वितभर, टर्रर्र झालं.

आवाज फार लहान होता. माझ्या माइकमध्ये मात्र तो आला आहे.

ती ओरडली नाही. हातमोजे काढले, घडी घालून माझ्या हातात दिले. मग दोन्ही तळवे नकाशावर ठेवून नुसती उभी राहिली, ताप आलेल्या पोराच्या अंगावर ठेवतात तसे. काचेपलीकडून काकू बघत होत्या.

बाहेर येऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कॅमेरा चालू होता?"

"हो."

"पुसू नकोस."

१५ नोव्हेंबर

गेलो नाही. ताईला सांगितलं पोट दुखतंय. ताई म्हणाली, "पोट वरच्या बाजूला दुखतंय वाटतं."

१८ नोव्हेंबर

आज इतकं घडलंय की कुठून सुरुवात करू?

नकाशा सांधायचं काम चालू होतं. मी टेबलाच्या कोपऱ्याशी कॅमेरा लावून गप्प उभा. हे कर, ते कर काही म्हटलं नाही. खळ इतकी पातळ की ब्रशावर दिसत नाही. पातळ टिश्यूकागदाचा तुकडा ती कापत नाही, ओल्या रेघेवर फाडते, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि ते मूळ कागदात मिसळतात. मग वर वजन ठेवायचं आणि वाट बघायची.

काकू आत आल्या होत्या. मी विचारलं, नकाशा कशाला हवा? पहिल्यांदाच विचारलं. त्यांचं दुकान तळघरात आहे. पाऊस असो नसो, फरशीतून पाणी येतं. कापडाचे तागे भिजतात. नगरपालिकेचे इंजिनियर म्हणतात, तुमच्या गल्लीत पाण्याचा काही संबंध नाही, तुमचाच नळ गळत असेल. काकूंची सासू मात्र म्हणायची की गल्लीतून पूर्वी ओढा जायचा. स्कॅन केलेल्या नकाशात बघितलं तर नुसता रस्ता.

हे बोलणं चालू असताना ती एकदम थांबली. तिची बोटं नकाशावर मागे गेली, पुढे आली.

"इथे खरवडलंय," ती म्हणाली. "कागद पातळ लागतोय. हा पट्टा बघ, असा वळत जातो."

मला काही दिसत नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं. मग माझ्या डोक्यात आलं (हे माझ्या डोक्यात आलं, कुणाच्या बापाच्या नाही): मी माझा छोटा दिवा काढला आणि टेबलाच्या काचेखाली धरला.

रस्त्याच्या काळ्या रेघेच्या पोटातून एक उजळ रेघ निघाली. वळत, अंग चोरत, काकूंच्या गल्लीतून थेट खालच्या नदीपर्यंत. कुणीतरी ओढा पात्यानं खरवडून त्यावर रस्ता काढला होता.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "हाच की माझा ओढा. सासूबाई, तुम्ही खऱ्या हो!"

माझ्या डावीकडे उभा लंबू खाली वाकला, बराच वेळ बघत राहिला, मग सरळ झाला. "मी हा स्कॅन केलाय," तो म्हणाला. "माझ्या मशीनला हे दिसलं नाही." आणि तेव्हा तिनं वर पाहिलं. डोळे भरलेले, ओठांवर हसू. दिवा मी कॅमेऱ्याच्या जागेवरूनच हात लांबवून धरला होता, म्हणजे माझ्याकडे! दिवा माझा होता, कल्पना माझी होती. ती नजर म्हणजे उत्तर होतं.

बैठक झाली की तिला विचारणार. ठरलं.

२१ नोव्हेंबर

बाईंना पहिली जुळणी दाखवली. तिचे हात, तिची मान, तिचे केस, ऊन, रिकामी खुर्ची, पुन्हा तिचे हात. पियानो.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे ग्रंथालय आहे ना रे? यात वाचणारं कुणीच नाही."

"फ्रेम स्वच्छ ठेवलीय."

"हो. सगळ्यांना उठवून. आणि ओढा कुठे गेला?"

मी म्हटलं ओढ्याचा शॉट हलला आहे, उजेड कमी आहे, दिसायला घाणेरडा आहे. त्या म्हणाल्या, "नकाशा फाटतो तिथून सुरू कर. दुरुस्ती दाखवायची तर आधी काय मोडलं ते दाखवायला नको?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुम्हाला कला कळत नाही. म्हटलं, करा तुमची तुम्ही. लॅपटॉप आपटून मिटला आणि निघालो. या वेळी कुणाच्या चहात काही पडलं नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. राग होता, पण तिचा चेहरा बघायचा होता. अठरा तारखेचा तो शॉट लावला, मोठा करून.

नजरेला रेषा असते. माणूस भिंगात बघतो तेव्हा बुबुळं सरळ असतात. भिंगाच्या बाजूला बघतो तेव्हा हरभऱ्याइतकी सरकतात. डोळे मिटूनही मला हे कळायला हवं होतं. तिची बुबुळं डावीकडे आहेत. डावीकडे आणि वर.

नऊ तारखेचं हसू काढलं. डावीकडे आणि वर.

सगळे शॉट काढले. मी "कॅमेऱ्यात बघा" म्हटलं तिथे ती कॅमेऱ्यात बघते, आणि तो चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा आहे. जिथे जिथे जिवंत आहे, तिथे तिथे डावीकडे आणि वर. थर्माकोल धरलेल्या माणसाच्या उंचीवर.

एक डबा, दोन चमचे. "असू दे गं." "वाटते." सगळं माझ्या समोर होतं. मी फोकस करत होतो.

२४ नोव्हेंबर

सगळं पुसून टाकायचं ठरवलं. बाण 'डिलीट'वर होता. लंबूचा फोन आला, "भावा, बाई विचारतायत, सोमवारच्या आत—" मी म्हटलं, "फिल्म नाही. माझ्याकडे काही नाही." तो म्हणाला, "बरं." विनवण्या तरी करायच्या! नुसतं "बरं."

आणि शेवटी मला भाऊ कुणी म्हणायचं, तर त्यानं.

ताई भाजी निवडत होती. सगळं ऐकत होती. मला वाटलं जवळ घेईल.

"रागानं कॉलेज सोडलंस, ते तुझं होतं," ती म्हणाली. "ही खोली तिची आहे. तुझ्या रागानं तीही सोडायला लावणार?"

"तुला काय कळतंय ताई, माझं काय झालंय!"

"कळतंय. तिच्या नोकरीचं पण कळतंय. जा, तोंड धू."

मी तोंड धुतलं. बाण अजून तिथेच होता. बाजूला सरकवला.

२६ नोव्हेंबर

काल-आज जुळणी. पियानो काढला. सुरुवात काळ्या पडद्यावर फक्त त्या आवाजानं: टर्रर्र. मग तिचे तळवे. खळ, टिश्यू, वजन. उघडी बोटं मागेपुढे. खालून दिवा, हललेला, घाणेरडा. ओढा. त्यावर लंबूचा आवाज: "माझ्या मशीनला हे दिसलं नाही." तो वाईट बोलतो, कुजबुजल्यासारखा. म्हणून खरा वाटतो. मी तो तसाच ठेवला. ठेवताना दात दुखेपर्यंत आवळले होते.

मग तिची नजर. दुसरा शॉट चालेना. सगळे लावून पाहिले. या एका नजरेनं फिल्म उभी राहते, बाकीच्यांनी बसते. आणि माणूस बघतो म्हटल्यावर पुढे दाखवावं लागतं, कशाकडे. पडद्यावरची नजर ही अशी उधार असते, पुढे जे ठेवाल त्याची होते.

पुढे ठेवायला माझ्याकडे रिकामी खुर्ची होती.

काकूंच्या दुकानात गेलो. ओल्या फरशीवर फळ्या टाकून त्या मशीन चालवत होत्या. म्हटलं, "काकू, उद्या सकाळी तुमच्या टेबलावर बसाल?"

"म्हणजे तू उठवलंस तिथे?"

"तिथेच."

"उजेडासाठी?"

"वाचण्यासाठी."

त्या टेप गळ्यात घालून लगेच उठल्या. "उद्या कशाला, सकाळ अजून सरली नाही."

२८ नोव्हेंबर

बैठक झाली. पडदा मी लावला, यंत्र मी चालवलं. लांबट टेबल, विश्वस्त, पाण्याचे ग्लास. ती आणि लंबू मागे भिंतीला टेकून उभे, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आता मला तीही जागा दिसते.

फिल्म संपते ती काकूंवर. ऊन खांबाजवळच्या टेबलावर, त्यांचं बोट नकाशापासून थोडं वर, ओढ्याच्या वाटेनं हळूहळू चाललेलं, ओठ हलताहेत. काही संगीत नाही.

मी दिवे लावले. मग अध्यक्षांनी विचारलं, "नकाशा फाडला कुणी?"

मी उभा राहिलो. "मी."

"आम्ही," ग्रंथपालबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "फिल्मसाठी. आणि आम्हीच सांधला. गोदामात असता तर फाटला नसता, आणि ओढाही सापडला नसता."

एक विश्वस्त म्हणाले, स्कॅन परत जास्त चांगला करता येईल. लंबू मागून बोलला. त्याला बोलायला सांगितलं नव्हतं. "करू सर. पण कुठे बघायचं ते मशीनला कुणीतरी सांगावं लागतं. ते या टेबलावर कळतं."

निकाल असा: गोदामाचा विषय पुढच्या वर्षावर. दुरुस्ती कक्ष तूर्त चालू. मला जोरात टाळ्या वाजतील असं वाटलं होतं. वाजल्या नाहीत, बिस्किटं आली. छापलेले अहवाल घेऊन आलेले भाऊजी कानात म्हणाले, "सभेत पुढे ढकललं म्हणजे जिंकलं, वेड्या."

जिन्यात लंबू भेटला. थोडा वाकून म्हणाला, "ती नजर..."

"काकूंकडे आहे," मी म्हटलं. "फिल्ममध्ये काकूंकडेच आहे."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड आहे त्याचा. झटकणार होतो, राहिलं.

२ डिसेंबर

बाईंनी बोलावलं. वाटलं, नवी फिल्म. त्यांनी वाचकाचं कार्ड पुढे केलं. "इतके दिवस येतोयस, एक पान वाचलं नाहीस. काहीतरी मागव."

काय मागवावं कळेना. मी म्हटलं, आमच्या ताईच्या भागाचा जुना नकाशा असेल तर. आला. खांबाजवळच्या टेबलावर बसलो. हात धुवून, कोरडे करून. ताईच्या घराच्या जागी शेत आहे आणि एक विहीर. बाबांना सांगायला हवं, ते तिथे घर घेऊ नको म्हणत होते. फोन मीच करीन म्हणतो. बघू.

बराच वेळ वाचत होतो. मान अवघडली म्हणून वर पाहिलं, तर काचेपलीकडून ती माझ्या दिशेनं बघत होती. हसली. भरल्या डोळ्यांनी वगैरे नाही, साधीच, ओळखीचं माणूस कामात दिसल्यावर हसतात तशी. मी लगेच नकाशात डोकं घातलं. आता मी शहाणा झालोय. मागे लंबू उभा असणार, चौकटीला डोकं टेकून.

तरी थोड्या वेळानं राहवेना. मागे वळून पाहिलं.

मागे कुणीच नव्हतं.